गगनवीर लहान का व्हायचा

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. टॉर्चमध्ये घालतात त्या शेंगदाण्याएवढ्या नाजूक मंडळींपैकी नव्हे; मी ट्रॅक्टरची बॅटरी आहे. मला उचलायला दोन धट्टेकट्टे हात लागतात आणि उचलताना माणसाच्या तोंडून आपोआप देवाचं नाव निघतं. माझ्या पोटात ॲसिड आहे, तेव्हा माझं बोलणं थोडं आंबट लागलं तर वाईट वाटून घेऊ नका. सध्या मी पाचोऱ्याला बॅटरीवाल्या रुपचंद शेठच्या दुकानामागे, भंगाराच्या ढिगात पडून आहे. उद्या-परवा माझं शिसं वितळवायला नेणार आहेत. त्याआधी एक गोष्ट सांगून टाकते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. सहा खण, सहा झाकणं आणि डोक्यावर शिशाची दोन बोंडं, एक जाड आणि एक बारीक. १९८८ साली लोणखेडीच्या तोताराम भाऊंनी ट्रॅक्टर घेतला आणि मी त्याच्यासोबत त्यांच्या अंगणात आले. गावातला तो पहिला ट्रॅक्टर. किल्ली फिरवली की मी एक दणका द्यायची आणि इंजिन धडधडू लागायचं. लोक इंजिनाचं कौतुक करायचे, टायरांचं कौतुक करायचे. माझं कोणी नाव काढत नसे. मला त्याचं काही वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही, वाटत होतं.

मग दोन वर्षांनी भाऊंनी काळा-पांढरा टीव्ही घेतला, आणि माझे दिवस पालटले. दर रविवारी दुपारी बारा वाजता टीव्हीवर गगनवीर येऊ लागला. तो वेधशाळेत कारकून होता. छातीवरचा चांदीचा पट्टा आवळला की तो आकाशात झेप घ्यायचा आणि लोहमुख नावाच्या राक्षसाला पिटाळून लावायचा. संकटातल्या माणसाने त्याला तीन वेळा हाक मारली की तो यायचाच. मालिका हिंदीत होती, पण आमच्या गावाला त्याची अडचण नव्हती. शेवंताबाई तर तो आकाशातून उतरला की पदर सावरून हात जोडत. त्या गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, त्यामुळे त्यांना हसायची कोणाची हिंमत नव्हती.

अडचण होती ती विजेची. बरोबर बारा वाजता वीज जायची. अंगणात बसलेली पोरं कळवळून ओरडायची. तेव्हा तोताराम भाऊ पाना घेऊन उठायचे आणि म्हणायचे, “रडू नका रे. आपली बॅटरी शे ना!” ते मला ट्रॅक्टरमधून काढायचे, टीव्हीशेजारी पाटावर ठेवायचे आणि लाल-काळे चिमटे माझ्या बोंडांना लावायचे. खरंच पाटावर, जेवायला बसवतात तसं. टीव्ही लागला की चाळीस माणसं टाळ्या वाजवायची. त्या टाळ्या गगनवीराला होत्या, पण त्यातल्या निम्म्या मी माझ्या धरत असे.

आता मी तुम्हाला आमच्या गावाची एक चूक सांगते. दुसऱ्या कुठल्या गावात ती झाली असेल असं मला वाटत नाही. माझी ताकद कमी होऊ लागली की टीव्हीवरचं चित्र चारी बाजूंनी आकसायचं. काळी चौकट आत आत यायची आणि मधला गगनवीर लहान लहान होत जायचा. पोरांना वाटलं, ही त्याची शक्ती आहे. तो उडू शकतो, लोखंड वाकवू शकतो, तसा लहानही होऊ शकतो! चित्र आकसायला लागलं की सगळी एका सुरात ओरडायची, “लहाना व्हयना! लहाना व्हयना!” म्हणजे लहान झाला, लहान झाला. शेवंताबाई म्हणायच्या, “वं माय, इतलासा व्हयना देखा!” मोठ्या माणसांना खरं कारण ठाऊक होतं. पण पोरं एवढी खूश व्हायची की कोणी त्यांना सांगितलं नाही.

मित्रांनो, ते मी जिवाच्या आकांताने सांगत होते. माझं पाणी आटलं आहे, मला दम लागला आहे, हे सांगायची माझ्याकडे तेवढी एकच खूण होती. आणि त्या खुणेला गाव टाळ्या वाजवत होतं.

रुपचंद शेठने भाऊंना बजावलं होतं. मला चार्जिंगला आणलं की तो झाकणं उघडून आत डोकावायचा आणि मान हलवायचा. “तोताराम भाऊ, हिला पाणी पाजत जा. बैल हंबरून मागतो, ही मागत नाही.” भाऊ “हो, हो” म्हणायचे आणि घरी आले की विसरायचे.

टीव्हीच्या सगळ्यांत जवळ कुंदा बसायची. तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिची आई लताबाई भाऊंच्या शेतात कापूस वेचायला यायची. वडील सुरतेला गिरणीत कामाला होते. कुंदाचा गगनवीरावर असा विश्वास होता की ती त्याच्या नावाने पाटीवर रोज एक ओळ लिहायची. लताबाईने मात्र मालिका कधी पाहिली नव्हती. रविवारी बारा वाजता ती पोरीला अंगणात सोडायची आणि कामाला लागायची. पोर तासभर एका जागी बसते, एवढाच तिला त्या गगनवीराचा उपयोग होता.

१९९२ सालचा तो रविवार. दसरा होऊन गेला होता, कापूस फुटला होता. गुरुवारी गावाचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि तेव्हापासून वीज नव्हती. गुरुवारी मला टीव्हीला लावलं, शुक्रवारी लावलं, शनिवारी सिनेमासाठी तीन तास लावलं. ट्रॅक्टर चार दिवस गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभा होता. तो चालला असता तर मी भरले असते. माझे दोन खण तर ठार कोरडे पडले होते. रविवारी पुन्हा मला पाटावर बसवलं तेव्हाच मला भीती वाटू लागली.

मालिका सुरू झाली आणि दहाव्या मिनिटालाच चित्र आकसलं. इतक्या लवकर कधी आकसलं नव्हतं. पोरं आनंदाने उभी राहिली. “लहाना व्हयना!” कुंदा सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती. भाऊसुद्धा हसत होते. हसता हसता त्यांनी मागे पाहिलं, तर गोठ्याच्या कोपऱ्यावर लताबाई उभी होती. एका हाताने तिने भिंत धरली होती. घोट्याच्या वर पदराची चिंधी आवळून बांधली होती.

“भाऊ,” ती हळूच म्हणाली, “माले पान लागनं.”

आमच्याकडे सापाचं नाव घेत नाहीत. साप चावला म्हणजे पान लागलं म्हणतात. भाऊ ताडकन उठले. “कथा वं?”

“कडबाजोगे. कायाभोर व्हता.”

कडब्याच्या गंजीजवळ, काळाकुट्ट साप. कोणी म्हणालं भगताकडे न्या, कोणी म्हणालं मिरच्या खायला घाला. भाऊंनी कोणाचं ऐकलं नाही. पाचोऱ्याचा दवाखाना चौदा किलोमीटरवर. एसटी तीन वाजता. बैलगाडीला अडीच तास लागणार. गावात ट्रॅक्टर एकच, आणि त्याची बॅटरी टीव्हीला लावलेली.

भाऊंनी चिमटे उपटले. टीव्ही काळा झाला. पाठमोऱ्या उभ्या असलेल्या पोरांना मागे काय घडलं ते कळलंच नव्हतं. ती निराशेने ओरडली. भाऊंनी मला छातीशी धरून ट्रॅक्टरकडे धाव घेतली. त्यांच्या छातीचे ठोके मला माझ्या डब्यातून जाणवत होते. बोंडांवर हिरवा-पांढरा थर साचला होता. तो त्यांनी नखांनी खरवडला. वायरी आवळल्या. किल्ली फिरवली.

खट्.

एवढाच आवाज आला. पुन्हा फिरवली. पुन्हा खट्. मी होतं नव्हतं ते सगळं ओतलं, मित्रांनो. शप्पथ सांगते, एक थेंब मागे ठेवला नाही. पण चार दिवसांत मी जे होतं ते टीव्हीला देऊन बसले होते. तिसऱ्यांदा खट् असाही आवाज आला नाही. लाज काय असते ते मला त्या दिवशी कळलं.

“ढकला!” भाऊ ओरडले. ते आणि आणखी तिघे पुढच्या बाजूने ट्रॅक्टर मागे रेटू लागले. आधी तो मागे फाटकाबाहेर काढायचा, मग वळवून नदीच्या उतारावर न्यायचा. उतारावर वेग घेतला तर इंजिन माझ्याशिवायही चालू झालं असतं. पण फाटकात दगडी उंबरा होता. चाक वीतभर चढायचं आणि परत खाली यायचं. तिकडे पुष्पाबाईंनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, लताबाईला खाटेवर टेकवलं होतं आणि लताबाई म्हणत होती की एकाचे दोन-दोन दिसताहेत.

आणि बाकीचं गाव काय करत होतं? बाकीचं गाव उभं राहून बघत होतं. दुष्टपणाने नव्हे. दोन वर्षं रविवारी बारा वाजता त्या अंगणात येऊन बघायचं, एवढंच त्यांनी केलं होतं. संकट आलं की कोणीतरी येतं आणि आपण बघतो, अशी सवयच लागली होती.

आईला खाटेवर पाहून कुंदा टीव्हीकडे धावली. काळ्या काचेवर दोन्ही तळवे टेकून तिने हाक मारली, “गगनवीर!” पहिली हाक. दुसरी. तिसरी मारताना तिचा आवाज फाटला. काचेत तिला फक्त तिचंच तोंड दिसत असणार. ती थोडा वेळ तशीच थांबली. खरंच वाट पाहत होती ती. मग ती वळली, आणि आठ वर्षांची पोर अख्ख्या गावावर ओरडली.

“देखी काय ऱ्हायनात बठ्ठा? उठा ना! ढकला!”

शेवंताबाई आधी हलल्या. वयाची सत्तरी उलटलेली ती बाई पदर खोचून मडगार्डला भिडली. मग सगळं अंगण उठलं. जिथे हात मावेल तिथे हात लागला; ज्यांना जागा मिळाली नाही ते पुढच्या माणसाच्या पाठीला लागले. ट्रॅक्टर उंबरा ओलांडून बाहेर आला, वळला. लताबाईला मडगार्डवर बसवून पुष्पाबाईंनी तिला कवेत धरलं. भाऊ स्टिअरिंगवर चढले.

उतार सरळ नदीत जातो आणि खाली नुसती वाळू आहे. उताराच्या टोकापर्यंत इंजिन चालू झालं नाही तर ट्रॅक्टर वाळूत रुतणार आणि सगळं संपणार. अर्ध्या उतारावर भाऊंनी क्लच सोडला. जोराचा हिसका बसला, काळा धूर निघाला आणि इंजिन गप्प. मागून लोक धावतच होते. पुन्हा वेग आला. वाळू वीस हातांवर, दहा हातांवर. भाऊंनी पुन्हा क्लच सोडला. इंजिन खोकलं, थांबतंय असं वाटलं, आणि धडधडलं. वाळूच्या कडेने वळण घेऊन आम्ही पाचोऱ्याच्या रस्त्याला लागलो. मागे गावाचा ओरडा ऐकू आला. तसा ओरडा गगनवीराच्या वाट्याला कधी आला नव्हता.

पण संकट टळलं नव्हतं. लताबाईच्या पापण्या मिटू लागल्या होत्या. पुष्पाबाई तिला हलवत होत्या. “लता, डोया मिटू नको वं! बोल मन्हासंगे!” पण लताबाईला बोलायचं त्राण नव्हतं. तेव्हा पुष्पाबाईच बोलू लागल्या, आणि घाबरलेल्या बाईला काय सुचणार, तर त्यांना सुचली गगनवीराची गोष्ट. इंजिनाच्या वर आवाज काढून त्यांनी पहिल्या भागापासून सुरुवात केली. तो वेधशाळेत कारकून कसा होता, पट्टा कसा सापडला, लोहमुखाने धरण कसं फोडलं. मध्येच थांबून त्या विचारायच्या, “आयकी ऱ्हायनी ना?” आणि लताबाई जड जिभेने म्हणायची, “मंग? पुढे काय व्हयनं?”

पाचोऱ्याला रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी होती, डबे संपता संपेनात. भाऊ एक पाय ॲक्सिलरेटरवर दाबून बसले, कारण इंजिन थांबलं तर ते पुन्हा सुरू करणारं कोणी तिथे नव्हतं. माझ्यात रस्त्याने आलेली जेमतेम धुगधुगी होती. पुष्पाबाई गोष्टीत लोहमुखाच्या गुहेपर्यंत पोहोचल्या होत्या. लताबाईने विचारणं बंद केलं. पुष्पाबाईंनी तिच्या गालावर एक चापट मारली आणि रडत रडत तोच भाग पुन्हा सांगितला. फाटक उघडलं तेव्हा लताबाईचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

लताबाई वाचली. अकरा दिवस दवाखान्यात होती. शुद्धीवर आल्यावर तिने आधी पोरीबद्दल विचारलं आणि नंतर पुष्पाबाईंना विचारलं, “त्या गुहामा काय व्हयनं मंग?”

त्यानंतर आमच्या अंगणात पुष्कळ गोष्टी बदलल्या. भाऊंनी नदीची शपथ घेतली की बॅटरी ट्रॅक्टरमधून पुन्हा काढायची नाही. ट्रॅक्टर ते उताराच्या तोंडाशी, नदीकडे तोंड करून उभा करू लागले; मागून थोडा रेटा दिला की सुटेल असा. आणि दर सोमवारी माझ्या सहाही खणांत पाणी पाहू लागले. माझं खूप छान चाललं. खरं सांगायचं तर मला ते पाटावर बसणं आठवायचं, पण पुन्हा बसायची हिंमतही नव्हती.

लताबाई दर रविवारी बाराला टीव्हीसमोर येऊन बसू लागली. कुंदा मात्र नाही. ती उंबऱ्यावर टीव्हीकडे पाठ करून अभ्यास करायची. तिला कोणी विचारलं तर म्हणायची, “तो येत नही.” एवढंच.

गाव एकदम नाही, हळूहळू गळालं. वीज असली तरच टीव्ही लागायचा, आणि विजेवर गगनवीर कधी लहान होत नव्हता. पोरं म्हणू लागली, आता त्याची ती शक्ती गेली. मग मालिकेलाच कंटाळा आल्यासारखं झालं. लोहमुख तीनदा मेला आणि तीनदा परत आला. गगनवीराचा पोशाख बदलला, त्याला एक बोलणारा पोपट आला, जाहिराती गोष्टीपेक्षा लांब झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्या पोरांना मिसरूड फुटलं. त्यांना आता त्याचं नाव काढायची लाज वाटायची. १९९५ साली खांबांवरून केबलची वायर आली आणि घराघरात रंगीत टीव्ही आले. प्रत्येक जण आपापल्या दाराआड बसू लागला. शेवंताबाई वारल्या. रविवारी आमच्या अंगणात लताबाई आणि पुष्पाबाई एवढ्या दोघीच उरल्या. तरी लताबाई चुकली नाही. जी गोष्ट ऐकता ऐकता ती मरणाच्या दारातून मागे आली होती, त्या गोष्टीचा शेवट तिला पाहायचा होता.

१९९७ च्या मे महिन्यात मालिकेचा शेवटचा भाग होता. बाराला पाच मिनिटं कमी असताना वीज गेली.

लताबाई काळ्या काचेकडे बघत बसून राहिली. भाऊ खाली मान घालून उभे होते. शपथ त्यांची होती. माझ्या प्लेटा तोवर दोनदा बदलून झाल्या होत्या आणि रुपचंद शेठने सांगून ठेवलं होतं की आता हिच्यात फार जीव नाही. तेवढ्यात उंबऱ्यावरून कुंदा उठली. तेरा वर्षांची झाली होती. तिने खुंटीवरचा पाना घेतला.

“माय, तू बस. मी काढस.”

“पोरी, आन शे मन्ही,” भाऊ म्हणाले.

“भाऊ, ट्रॅक्टर उतारवर शे. आनि ढकलाले मी शे.”

भाऊंनी बाजूला होऊन वाट दिली. साडेचार वर्षांनी मी पुन्हा पाटावर बसले. चिमटे लागले आणि मी मनाशी म्हटलं, आज दम सोडायचा नाही.

गावात सगळीकडे सामसूम होती. रंगीत टीव्ही विजेवाचून मुके पडले होते. त्या शांततेत आमच्या टीव्हीचा आवाज दूरवर गेला असावा. आधी एक जण फाटकात येऊन उभा राहिला. मग चौघे. मग मिसरूड फुटलेली ती सगळी पोरं आली आणि जुन्या सवयीने आपापल्या जुन्या जागांवर बसली, गुडघे मावेनात तरी. कुंदा आईशेजारी बसली होती, टीव्हीकडे तोंड करून.

गगनवीर आणि लोहमुख शेवटचे समोरासमोर आले तेव्हा माझा पहिला खण गेला. मी ओढत राहिले. दुसरा गेला. काळी चौकट आत येऊ लागली. कोणीतरी हळूच म्हणालं, “लहाना व्हयना.” पण या वेळी टाळी वाजली नाही. सगळ्यांना ठाऊक होतं हे काय आहे. गगनवीर मुठीएवढा झाला, चिंचोक्याएवढा झाला, काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं आणि तो एक ठिपका होऊन विझला.

लताबाईने विचारलं, “मंग? पुढे काय व्हयनं?”

कुंदाने चिमटे काढले. मला पोटाशी उचलून ती ट्रॅक्टरकडे चालू लागली, कारण मला परत जागेवर बसवून ट्रॅक्टर चालू करायचा होता. बॅटरी गेलेला ट्रॅक्टर गावात ठेवायचा नाही, हे ती कधीच शिकली होती. उतारावर ढकलायला दोन माणसं पुरली असती. तिने मागे वळून पाहिलं तर अख्खं अंगण उठून तिच्या मागे येत होतं. कोणी कोणाला हाक मारली नव्हती.

मित्रांनो, ते माझं शेवटचं काम. मला त्याचं दुःख नाही. तुमच्या घरी माझी कोणी बहीण असेल तर सोमवारी तिची झाकणं उघडून पाणी बघा, बोंडं पुसा. तिला हंबरता येत नाही. आणि आणखी एक ऐका. तुमच्या डोळ्यांसमोर काही लहान लहान होत चाललेलं दिसलं, टीव्हीवरचं चित्र असो नाही तर शेजारचं माणूस, तर टाळ्या वाजवत बसू नका. उठा.